पहिला तिरकमठा



धनुष्य हें आपल्या घराघरांतल्या ओळखीचें आहे. देवघरांतल्या तसबिरींत तें रामाच्या खांद्यावर असतें, कीर्तनांत जनकाच्या मंडपांत मोडतें, आणि महाभारताच्या कथेंत गांडीव होऊन टणत्कार करितें. इतक्या परिचयाच्या वस्तूविषयीं एक साधा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों. तो हा, कीं हें करावयाचें कसें? कोणत्या झाडाचें, कोणत्या ऋतूंत तोडलेलें, कोठें जाड आणि कोठें पातळ? तें इतकें वांकतें आणि तरी मोडत नाहीं, हें कशामुळें? ज्यानें आयुष्यांत कधीं लांकडास हत्यार लावलें नाहीं, अशा मनुष्यानें आपलें पहिलें धनुष्य करावयास घेतलें, तर त्याला काय काय शिकावें लागेल, आणि तें शिक्षण मनुष्यजातीनें कसकसें मिळविलें, याचा थोडासा इतिहास आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

माझें गांव सिंदेवाही. तें चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड आणि मूल यांच्या दरम्यान आहे. या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. धानाच्या बांध्या, जुने तलाव आणि त्यांच्या पलीकडे सागाचें व बांबूचें रान, असा हा देश आहे. येथें मराठी आणि गोंडी या दोन भाषांचा शेजार फार जुना. मराठींत आम्ही तिरकमठा म्हणतों. त्यांतील तीर हा शब्द फारशी, आणि कमठा हा शब्द बांबूच्या कामटीची आठवण करून देणारा. गोंडींत धनुष्यास ‘विल’ म्हणतात. हाच शब्द तामीळमध्यें ‘विल’ आणि तेलुगूमध्यें ‘विल्लु’ असा आढळतो. एवढ्या दूरवर पसरलेल्या भाषांनीं एकच शब्द जपून ठेवावा, यावरून त्या वस्तूचें वय ध्यानांत येतें.

शहरांतील सुशिक्षित मंडळी तिरकमठा पाहतात तो बहुधा प्रदर्शनांत किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर. तो पाहून रानटी अवस्थेची एक खूण पाहिली असें त्यांस वाटतें. माझा अनुभव असा, कीं हा समज, करून पाहावयास बसलें म्हणजे, पहिल्या तासांतच उडून जातो. तिरकमठ्यांत भरलेलें ज्ञान मोजमापाचें, कसोटीचें आणि पिढ्यानपिढ्या तपासून घेतलेलें आहे. तें कागदावर उतरलेलें नाहीं, इतकाच काय तो फरक.

प्रथम जुना पुरावा पाहूं. डेन्मार्क देशांत होल्मेगार्ड येथील दलदलींत १९४४ सालीं एल्म नांवाच्या झाडाच्या लांकडाचीं धनुष्यें सांपडलीं. तीं सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. आपल्या देशाविषयींचा एक जुना लेखी पुरावा परकीयांच्या हातचा आहे. इसवी सनापूर्वीं ४८० सालीं इराणचा बादशहा झर्क्सीज यानें ग्रीसवर स्वारी केली, तेव्हां त्याच्या सैन्यांत हिंदी तुकडी होती. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार लिहितो, कीं त्या लोकांचे कपडे कापसाचे होते, त्यांचीं धनुष्यें बोरूचीं होतीं आणि बाणांना लोखंडाचीं टोंकें होतीं. बोरूच्या धनुष्यानें लढाई होत नसते. ग्रीक मनुष्यास बांबूची ओळख नव्हती, म्हणून पेरांच्या त्या वनस्पतीला त्यानें आपल्याकडील बोरूचें नांव दिलें, असाच याचा अर्थ लावावा लागतो. पुढें दीडशें वर्षांनीं शिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसनें हिंदी पायदळाचें धनुष्य पाहिलें. त्याचें वर्णन एरियनच्या ग्रंथांत उतरलें आहे. धनुष्य धारण करणाराच्या उंचीएवढें, एक टोंक जमिनीवर टेकून डाव्या पायानें दाबावयाचें आणि मग दोरी मागें ओढावयाची; बाण जवळजवळ तीन हात लांब. बांबूचा उंच कमठा ज्यानें पाहिला आहे, त्याला हें चित्र परकें वाटणार नाहीं.

आतां आपला स्वतःचा ग्रंथ घेऊं. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत आयुधागाराचें एक प्रकरण आहे. तेथें धनुष्यें कशाचीं करावीं हें सांगतांना ताड, बांबू, लांकूड आणि शिंग असे चार पदार्थ दिले आहेत. दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू असे सहा पदार्थ सांगितले आहेत. यांतील वेळू या शब्दाशीं नागर वाचक अडखळतो. वेळूची दोरी होते तरी कशी? परंतु हाच प्रश्न रानांत राहणाऱ्यास पडत नाहीं. १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन फोर्साइथच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथांत मंडला भागांतील बैगांच्या धनुष्याचें वर्णन आहे. तें दोरीसकट सबंध बांबूचें असतें, आणि त्याच्या आकाराच्या मानानें त्याची शक्ति आश्चर्यकारक असते, असें तो म्हणतो. बांबूच्या वरच्या सालीची लांब, सलग पट्टी काढून तीच दोरीच्या जागीं चढवावयाची, अशी ही युक्ति. तांत पावसांत भिजली म्हणजे सैल पडते. चार महिने पाऊस अंगावर घेणाऱ्या मुलखांत सालीच्या पट्टीची सोय कां सुचली असेल, हें यावरून समजतें. राजाच्या आयुधागारांत नोंदलेली वस्तु आणि बैगाच्या झोपडींतील वस्तु एकच होती, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

इतिहासाचें एवढें बोट धरून आतां आपल्या नवशिक्याकडे वळूं.

त्याचा पहिला धडा झाड ओळखण्याचा. आमच्याकडे दोन वस्तु मुख्य आहेत, बांबू आणि धामण. धामणीचें लांकूड चिवट आणि लवचिक. कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या दांड्या आणि खांद्यावर ओझें वाहण्याच्या कावडी यांसाठीं त्याची ख्याति आहे. वैद्यकाच्या जुन्या निघंटूंत या झाडाला धनुर्वृक्ष असेंच नांव दिलेलें आहे. म्हणजे ज्या पंडितानें औषधासाठीं झाडांची यादी केली, त्यालाही हें झाड धनुष्य करणाराच्या नात्यानेंच ठाऊक होतें. सागवान दारें-खिडक्यांस उत्तम, परंतु चिवटपणांत तें धामणीच्या पंक्तीस बसत नाहीं. बांबूपैकीं मानवेल या जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, विशेषतः कोरड्या टेकडीवर वाढलेला. त्याच्या बुडाकडील जाड भाग धनुष्यास योग्य. त्या वर्षीं फुटलेला कोंब दिसावयास उंच आणि तुकतुकीत असला तरी तो पाण्यानें भरलेला असतो, आणि वाळतांना सुरकुततो. म्हणून निदान तीन पावसाळे पाहिलेला बांबू घ्यावा, आणि तो पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत तोडावा. तोडल्यावर तो उन्हांत न टाकतां सावलींत सावकाश वाळूं द्यावा. धामणीची फोड असेल तर तिला कित्येक महिने लागतात. ज्याला वाट पाहतां येत नाहीं, त्याचा कमठा पहिल्याच ओढीला वांकडा होऊन बसतो.

दुसरा धडा लांकडाच्या पोटांतील गणिताचा. धनुष्य ओढलें म्हणजे त्याची बाहेरची बाजू, जिला आपण पाठ म्हणूं, ती ताणली जाते, आणि आपल्याकडील बाजू, म्हणजे पोट, दाबलें जातें. पाठीवरचे तंतु टोंकापासून टोंकापर्यंत सलग असले तरच तो ताण सोसतात. एक तंतु मध्येंच कापला गेला, कीं तेथून कपची उठते आणि धनुष्य मोडतें. म्हणून लांकूड करवतीनें कापण्यापेक्षां फोडून घेणें बरें. फोड आपोआप तंतूंच्या वाटेनें जाते, करवत आपल्या रेषेनें जाते. म्हणूनच झाडाच्या ज्या वर्तुळास पाठ म्हणून निवडलें, त्यास पुढें हत्यार लावावयाचें नसतें. बांबूंत सर्वांत दाट व बळकट तंतु सालीच्या लगत असतात, सबब ती साल खरवडूं नये. जें काय तासावयाचें तें आंतून.

किती तासावयाचें, हें मात्र नवशिक्यास फार महाग पडतें. फळीची रुंदी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होतो, परंतु जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा न होतां आठवा हिस्सा उरतो. कारण ताठपणा हा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो. जाडी दहाव्या हिश्श्यानें कमी केली, तरी ताठपणा चौथ्या हिश्श्याहून अधिक घटतो. शाळेंत घन म्हणजे एक आंकडा तीन वेळां मांडून गुणणें, एवढेंच मुलांच्या ध्यानांत राहतें. वाकसानें दोन घाव जास्त घालून ज्याचा कमठा लुळा पडला, त्याला घनाचा अर्थ जन्मभर पुरतो.

तिसरा धडा तोल साधण्याचा. हाच सर्वांत कठीण, आणि खरी कारागिरी येथेंच आहे. नवशिक्यानें आपल्या उंचीएवढी, म्हणजे सुमारें साडेपांच फूट लांब फोड घ्यावी. मध्यभागीं मुठीची जागा जाड ठेवावी, आणि तेथून दोन्ही टोंकांकडे जाडी हळूहळू कमी करीत जावें. टोंकांना दोरीसाठीं खांचा कराव्या, आणि ओढ पंचवीस-तीस पौंडांहून अधिक ठेवण्याचा हव्यास धरूं नये. मग सैल दोरी लावून मूठ भिंतींतल्या खुंटीवर टेकवावी, दोरी थोडीशी, चार-सहा इंचच, खालीं ओढावी, आणि दूर उभें राहून पाहावें. दोन्ही बाहू सारखे वांकतात काय? एखादा भाग काठीसारखा ताठ राहिला आहे काय? एखादा भाग बिजागरीसारखा एकाच जागीं मुडपतो आहे काय? जेथें ताठ, तेथें कोळशानें खूण करावी आणि पोटाकडून तेवढेंच खरवडावें. त्यासाठीं फुटक्या कांचेचा तुकडा रंध्याहून सोयीचा असतो. जेथें मुडपतें, त्या जागेस हातही लावूं नये. पुनः वीस-तीस वेळां हलकेंच वांकवावें, पुनः पाहावें, आणि मगच दोन इंच अधिक ओढावें.

या कामांत एक मोठें नीतितत्त्व दडलेलें आहे. दुबळ्या जागेस भर घालतां येत नाहीं. तिला सांभाळावयाचें, तर ज्या जागा ताठ आहेत त्यांना थोडें नमवावें लागतें. लांकडाच्या बाबतींत हें सत्य आहे, आणि पस्तीस-चाळीस मुलांचा वर्ग ज्यानें सांभाळला आहे, त्याला तें अन्यत्रही सत्य असल्याचें ठाऊक आहे.

धनुष्य तयार झाल्यावर दोन पथ्यें पाळावीं लागतात. बाण न लावतां दोरी ओढून सोडूं नये. बाणाबरोबर जाणारा जोर मग धनुष्याच्याच अंगांत शिरतो, आणि तें तडकतें. आणि काम झालें कीं दोरी उतरून ठेवावी. सदा ताणलेलें धनुष्य वांकलेलेंच राहतें.

अशा रीतीनें धनुष्य घडत असतांनाच काळ थांबला, असें एक उदाहरण उपलब्ध आहे. १९९१ सालीं आल्प्स पर्वतांत, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीवर, बर्फांत एका मनुष्याचें प्रेत सांपडलें. तो मनुष्य सुमारें पांच हजार तीनशें वर्षांपूर्वीं मेलेला होता. त्याच्याजवळ यू नांवाच्या झाडाचें १ मीटर ८२ सेंटिमीटर लांबीचें धनुष्य होतें, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीहून लांब. परंतु तें अपुरें होतें. दोरीच्या खांचाही अजून पडल्या नव्हत्या, आणि तासल्याच्या खुणा लांकडावर जशाच्या तशा होत्या. भात्यांत चौदा बाण होते, त्यांपैकीं दोनच पुरे झालेले. त्या अपुऱ्या धनुष्यावरून संशोधकांना त्याच्या हाताची चाल वाचतां आली. ज्यास लिहितां येत नव्हतें, त्यानें आपली विद्या लांकडावर लिहून ठेविली होती.

आतां आपल्या प्रांताच्या इतिहासांतील एका कटु प्रकरणाकडे वळणें प्राप्त आहे. चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, आणि नागपूरचें राज्य १८५३ सालीं इंग्रजांनीं खालसा केलें. १८५८ सालीं बाबुराव शेडमाके यांनीं या रानांत उठाव केला. त्यांस त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं चांद्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. पुढें वीस वर्षांनीं, १८७८ या एकाच सालीं, हिंदुस्थान सरकारनें दोन कायदे केले. एक जंगलाचा आणि दुसरा हत्यारांचा. हत्यारांच्या कायद्यांत शस्त्र शब्दाची जी व्याख्या होती, तींत बंदूक, तोफ, तरवार आणि भाला यांच्या पंक्तीस तिरकमठाही बसविलेला होता. जंगलाच्या कायद्यानें राखीव रानांतील लांकूड व बांबू तोडणें सरकारी परवानगीखालीं आणलें. १९२७ सालच्या जंगल कायद्यांत तर बांबू, जो वनस्पतिशास्त्राप्रमाणें गवताच्या कुळांतला आहे, तो वृक्ष या शब्दाच्या व्याख्येंत घातला गेला. एका कायद्यानें धनुष्य शस्त्र ठरलें आणि दुसऱ्यानें त्याची काडी सरकारची ठरली. तिरकमठे एका दिवसांत नाहींसे झाले नाहींत हें खरें, परंतु मुलानें वडिलांबरोबर रानांत जावें, बांबू निवडावा, तोडावा, बिघडवावा आणि दुसरा तोडावा, ही जी मोकळी शाळा होती, तिच्या दारावर पहारा बसला.

त्यानंतरचा फेरा आपल्याच काळांतला आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक बंदी आली. या बंदीविरुद्ध मला एक अक्षरही बोलावयाचें नाहीं. सिंदेवाहीच्या आसपास वाघाचा वावर आहे, माणसें मरतात, तरीसुद्धां रान टिकावयाचें तर हा निर्बंध हवाच. परंतु शिकार थांबली कीं तिरकमठा करण्याचें निमित्तही थांबतें, आणि निमित्त थांबलें कीं हातांतली विद्या एका पिढींत विरते, हेंही डोळ्यांआड करून चालणार नाहीं. दुसऱ्या बाजूनें कांहीं दारें उघडलीं आहेत. १८७८ चा हत्यारांचा कायदा जाऊन १९५९ चा नवा कायदा आला. २००६ सालच्या वनहक्क कायद्यान्वयें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं आपल्या रानावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. २०१७ सालीं जंगल कायद्यांतील वृक्षाच्या व्याख्येंतून बांबू वगळण्यांत आला, त्यामुळें रानाबाहेर, आपल्या बांधावर लावलेला बांबू तोडण्यास आतां ती जुनी आडकाठी उरली नाहीं. काडी मिळूं लागली. आतां प्रश्न आहे तो ती घडविणाऱ्या हाताचा.

हात गेल्यावर काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. कॅलिफोर्नियांत याही नांवाची एक आदिवासी जमात होती. ती जवळजवळ निःशेष झाल्यावर, १९११ सालीं तिच्यांतला शेवटचा मनुष्य एकटा रानांतून बाहेर आला. लोक त्यास इशी म्हणत. सॅन फ्रान्सिस्को येथें विद्यापीठाच्या संग्रहालयांत त्याची राहण्याची सोय झाली. तेथें डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनीं त्याच्याशेजारीं बसून त्याची धनुष्य करण्याची रीत पाहिली व शिकून घेतली. १९१६ सालीं इशी वारला. १९२३ सालीं पोप यांनीं या विद्येवर ग्रंथ लिहिला, आणि अमेरिकेंतील पुष्कळ लोक त्या ग्रंथामुळें धनुष्याकडे वळले. एक सबंध जमात नष्ट झाली, आणि तिच्या विद्येचा धागा एक डॉक्टर शेजारीं बसल्यामुळें कसाबसा उरला. आपल्या रानांत ती वेळ आलेली नाहीं. येथें जाणते हात अद्याप आहेत. परंतु ते म्हातारे आहेत.

मग काय करावें? आमच्याच विदर्भांत, वर्धा येथें, ऑक्टोबर १९३७ मध्यें महात्माजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली, आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण हा विचार देशापुढें आला. टकळी आणि चरखा शाळेंत आले. माझी सूचना एवढीच, कीं रानाच्या कडेवरील शाळांत बांबूचें धनुष्यही यावें. बुरुडाकडून रीतसर विकत घेतलेली एक फोड, एक सुरी, कांचेचा तुकडा आणि शिकविण्यास गांवांतला एखादा जाणता म्हातारा, इतकें साहित्य पुरे आहे. त्या म्हाताऱ्यास शाळेनें गुरुजी म्हणून बोलवावें आणि त्याच्या वेळेचें मोल द्यावें. मुलांनीं गवताच्या पेंढीवर नेम धरावा, जिवंत प्राण्यावर कधींही नाहीं. यांत भूमिति आहे, पदार्थविज्ञान आहे, वनस्पतिशास्त्र आहे, आणि ज्या मुलाच्या घरीं पुस्तक नाहीं पण तिरकमठा आहे, त्याला वर्गांत मान वर करून बसण्याचें कारणही आहे. राजस्थानांतील लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर हात बसवून पुढें १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत भारतातर्फे उतरला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. प्रत्येक मूल लिंबाराम होणार नाहीं, आणि होण्याची आवश्यकताही नाहीं.

शहरांतील श्रोत्यांस माझी एक विनंति आहे. सुट्टींत घरच्या मुलामुलींना बांबूची एक फोड आणून द्या, आणि वडील माणसानें शेजारीं बसून त्यांना एक धनुष्य करूं द्या. पहिलें बहुधा मोडेल. मोडलें तर तें फेंकूं नका. कोठें मोडलें तें त्यांच्याबरोबर पाहा. कपची पाठीवरून उठली असेल तर तंतु कापला गेला, आणि एकाच जागीं मुडपून मोडलें असेल तर तेथें तासणी जास्त झाली. एवढें त्यांना उमगलें, म्हणजे दुसरें धनुष्य निम्मेंअधिक तयार झालेंच. आणि त्यानंतर एखाद्या प्रदर्शनांत रानांतला तिरकमठा भिंतीवर टांगलेला दिसला, कीं तीं मुलें त्याच्या वांकाकडे पाहून तो करणाराच्या हाताची पारख करतील. त्या हातास तेवढा न्याय मिळाला, तरी पुष्कळ झालें.